कॅसेटवर न आलेला निरोप

आये,

तुझ्या गाण्यांचा कागद आला आहे. चार पानी आहे आणि त्यात तुझं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलंय. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा वयाने मोठी झाले. तू पन्नाशीही गाठली नाहीस, आणि मी शाळेतून निवृत्त होऊन चिखल्याला माझ्या ओट्यावर खुर्ची टाकून बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला उपदेश करते. तुला वाचता येत नव्हतं. घरात येणारा प्रत्येक कागद मी तुला वाचून दाखवायचे, आणि तुला कळू नये असं काही असलं की तेवढं गाळून पुढे जायचे. तू मान डोलवायचीस. पोरगी शिकली आहे, ती वाचते तेच कागदात असणार, असा तुझा विश्वास होता. हे पत्रही वाचून दाखवायला मीच लागणार, म्हणून आधीच सांगते की या वेळी गाळणार नाही.

कागद मुंबईच्या एका संस्थेचा आहे. सर आठवतात ना तुला, जाड चष्म्याचे, भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाऊन डोळ्यांतून पाणी काढणारे? तेही गेले. त्यांच्या मुलाने त्यांच्या सगळ्या कॅसेटी या संस्थेला दिल्या. तिथल्या एका बाईंनी त्या साफ करून संगणकात घातल्या आणि मला फोन केला. फार गोड बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या आईंचा आवाज काय आहे हो! हे सगळ्यांना ऐकायला मिळालं पाहिजे." मग त्या नियम सांगायला लागल्या. मशीन सरांचं, कॅसेटी सरांच्या, म्हणून रेकॉर्डिंगचा हक्क सरांचा, त्यांच्यामागे मुलाचा, आणि मुलाने तो देऊन टाकलाय. पण गाणारीचा हक्क वेगळा असतो, म्हणून वारसाची सही हवी. मी विचारलं, "आणि गाण्याचा?" त्या म्हणाल्या, "गाणं पारंपरिक आहे ना मॅडम, म्हणजे कायद्याने ते कोणाचंच नाही." तुला हे ऐकून हसू आलं असतं. कोणाचंच नाही म्हणे! आपल्याकडे भटजी लग्न लावत नाही, धवलेरी लावते, तीही गाण्यांनी, आणि त्या गाण्यांना देव मांडवात येऊन बसतात, हे मी त्यांना फोनवर जमेल तसं समजावलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यांचा मुख्य मुद्दा पैशांचा होता, म्हणजे पैसे नसण्याचा. कोणीही ऐकावं, उतरवून घ्यावं, शाळेत लावावं, दुसऱ्याला द्यावं, फक्त तुझं नाव घालावं आणि विकू नये. "पूर्णपणे नॉन-कमर्शियल आहे मॅडम, काळजीच करू नका." जुन्या रेकॉर्डिंगचं असंच असतं, त्या म्हणाल्या, कोण नफा करतंय का, एवढं पाहिलं की बहुतेक अडचणी सुटतात. मी जरा रेंगाळून विचारलं, "आणि समजा एखाद्याने जुन्या काळी रेडिओवरून सिनेमातली गाणी कॅसेटवर घेतली असतील तर?" त्या हसल्या. "ती घरी ऐका खुशाल. आम्हाला मात्र पाठवू नका, त्यांचे मालक जिवंत आहेत." मीही हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ हातातला चहा तसाच राहिला.

कारण तुझा नियम पैशांचा नव्हताच. तो मला दहाव्या-अकराव्या वर्षीच कळला होता. तू तेव्हा बोर्डीच्या वाडीत चिकू काढायला जायचीस. त्या दिवशी काम लवकर सुटलं असावं, कारण मी घर झाडत होते आणि तू मागून कधी आलीस ते मला कळलंच नाही. झाडता झाडता मी आदल्या आठवड्यातल्या लग्नातलं तुझं गाणं गुणगुणत होते. तुझ्या हाताला चिकूचा चीक होता. तोच हात तू माझ्या तोंडावर ठेवलास.

"कोनाचं लगीन हाय गे आज?"

मी म्हटलं, कोणाचंच नाही.

"मंग कोनाला बोलवतेस? ते येतील ना दारात. आल्यावर कोन बसवील त्यांना? कोन परत धाडील?"

मी रडायला लागले, तशी तू खाली बसलीस आणि चीक लागलेल्या हाताने माझे डोळे पुसलेस. त्याने ते आणखीच चिकट झाले. मग हळू समजावलंस की गाण्याने बोलावलं की देव निघतात. दर्यावरून निघतात, डोंगरावरून निघतात, गावदेव वेशीवरून निघतो. शेवटचं गाणं निरोपाचं असतं. त्यात एकेकाला त्याची घरची वाट सांगायची असते. ते म्हटलं नाही तर ते मांडवातच उभे राहतात, जेवून झालेल्या पाहुण्याला कोणी चला म्हणत नाही तसे. त्या दिवसापासून मी तुझं गाणं तोंडात घेतलं नाही. शाळेत मात्र सिनेमाची गाणी शिकले. ती कधीही म्हणता येत होती, कोणी येत नव्हतं की कोणाला पाठवायचं नव्हतं.

पुढचं आठवतं ते असं: मी तेवीस वर्षांची आहे, नवी मास्तरीण, आणि सर आपल्या पाड्यावर आलेत. तळासरीच्या पूर्वेच्या पाड्यांवर ते वर्षभर हिंडत होते. त्यांना धवलेरीची सगळी गाणी ओळीने हवी होती. लग्नात घ्यायचा प्रयत्न त्यांनी केला होता, पण त्या गोंगाटात काय येणार? ढोल, पोरं, भांडणं, सगळं आलं आणि तू राहिलीस. म्हणून घरी बसून घ्यायचं ठरलं. तू सरळ नाही म्हणालीस. मग मी तुझ्या मागे लागले. आज वाटतं, मला त्या गाण्यांचं तेव्हा काही पडलं नव्हतं. सरांनी मला "तुम्ही सहकारी" म्हटलं होतं, यंत्र माझ्या हवाली केलं होतं, महिनाभर ते माझ्या खोलीवर राहणार होतं, आणि त्याला रेडिओही होता. मी तुला म्हटलं, आये, उद्या तू नसलीस तर कोण म्हणेल? हे बोलायला माझी जीभ कशी वळली कोण जाणे. तू चुलीत फुंकर मारत होतीस. वर न बघताच म्हणालीस, "म्हनीन. पन आवणी संपू दे. आन त्या यंत्राला सांग, बोलावलेल्याला परत धाडल्याबिगर थांबायचं नाय. जठं वाजेल तठं शेवटपर्यंत वाजायचं." मी हो म्हटलं. यंत्राच्या वतीने मी शब्द दिला.

भाताची आवणी संपल्यानंतरचा तो रविवार मला अगदी स्वच्छ दिसतो. बाहेर भुरभुर चालू आहे, दादा बैल घेऊन गेलाय, घरात आपण दोघीच. तू म्हणतेस, चौकाशिवाय कसं म्हणायचं? भिंतीवर चौक लिहायला तांदूळ वाटायला हवेत, चार सवाशिणी हव्यात. मी पिशवीतून शाळेचा खडू काढते आणि भिंतीवर चौकोन आखून त्यात लग्नातली पालघाट देवी काढते. आमच्या बालवाडीतल्या बाहुलीसारखी दिसते ती. तू पोट धरून हसतेस. "खडूनं येतात का गे देव?" मग स्वतःच म्हणतेस, "येतील. मास्तरणीचं घर हाय." सुपात तांदूळ घेतेस, वर दिवा लावतेस, डोकं झाकून घेतेस. मी बटण दाबते. त्यानंतर तू माझी आई राहिली नाहीस. तुला ते माहीत नसेल, पण म्हणताना तुझा चेहरा बदलायचा.

सरांनी तीन कॅसेटी दिल्या होत्या, तासातासाच्या. त्यांचा हिशोब बरोबर होता, तीन तासांत सगळं लग्न बसतं. पण त्यातली एक मी आधीच वापरली होती. दुपारी रेडिओवर सिनेमाची गाणी लागायची. महिनाभर मी यंत्राजवळ टपून बसले होते, निवेदकाचा आवाज थांबला की खट्कन बटण. बारा गाणी जमली. सरांना सांगू, एक कॅसेट खराब निघाली, असं मी ठरवून टाकलं होतं. दोन तासांत तुझं होईल असंही मनाला पटवलं होतं. तुझं झालं नाही. देव आले, बसले, हळद लागली, लग्न लागलं, दुसऱ्या कॅसेटची दुसरी बाजू संपत आली, आणि तू निरोपाला आलीस तेव्हा बटण खट्कन वर आलं.

तू डोळे उघडलेस. एवढासा आवाज, पण तुझ्या कानांनी टिपला. तू थांबली नाहीस, थांबता येत नव्हतंच. फक्त भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलंस, चालू आहे ना? मी मान हलवली. बटणावर बोट दाबून धरलं, ते पुन्हा वर येऊ नये म्हणून. तू डोळे मिटलेस आणि म्हणत राहिलीस. चांगलं वीस मिनिटं तू त्या बंद पडलेल्या यंत्राला निरोप म्हणून दाखवलास. माझं बोट पांढरं पडलं होतं. शेवटी तू उठून उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलंस, सुपातला दिवा विझवलास आणि एकदम पुन्हा माझी आई झालीस. घशाला कोरड पडली होती तुझ्या. मी काळा चहा केला. तो पिताना तू विचारलंस,

"समदं घेतलंन का गे यंत्रानं?"

"घेतलं."

"परत धाडलेलं पन?"

"हो, आये."

तू पुढे होऊन यंत्रावर हात फिरवलास, जसा कष्ट करून आलेल्या बैलावरून फिरवतेस तसा. "शाणं हाय," म्हणालीस.

सरांना मी दोन कॅसेटी दिल्या. शेवट नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या सर. तिसरीचं त्यांनी विचारलं नाही, म्हणून खराब निघाल्याचं सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, हरकत नाही, थंडीत पुन्हा येतो, तेवढंच घेऊ. पण तुला खोकला लागला, तो थंडीपर्यंत थांबला नाही. डहाणूच्या दवाखान्यात तुला दोनदा नेलं. दिवाळी झाल्यावर तू गेलीस. मधल्या तीन महिन्यांत मी दर रविवारी घरी येत होते. तुझ्या शेजारी बसत होते. एकदा तरी म्हणता आलं असतं, आये, निरोप आला नाही, मी नुसता तोंडी ऐकून लिहून तरी घेते. वही पिशवीतच असायची. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं की मी त्या दिवशी खोटं बोलले. ते नाही जमलं. चार मुलांच्या आया माझ्यापुढे मान खाली घालून उभ्या राहायच्या, पोरगं खोटं बोलतं म्हणून, आणि मी त्यांना वळण लावण्यावर व्याख्यान द्यायचे.

हे सगळं मी मातीखाली गाडून टाकलं होतं. ते उकरून काढलं दादाच्या मुलीने. तुझी नात. तू पाहिली नाहीस तिला. अंगणवाडीत काम करते, स्कूटी चालवते, तोंडाने फटकळ आहे, आणि गळा मात्र तुझा. आपल्या बाजूची शेवटची धवलेरी आता अंथरुणाला खिळली आहे, वाचाही गेली तिची. हल्ली लोक डीजे लावतात आणि धवलेरीला दहा मिनिटं देतात. हिला ते खटकतं. येत्या लग्नसराईत पाड्यावर एक लग्न आहे आणि तिने सांगून टाकलंय की मी म्हणेन. संस्थेच्या बाईंनी गाणी मोबाइलवर पाठवली, ती तिने कानाला लावून महिनाभर घोटली. परवा ती तळासरीहून इथे आली, ओट्यावर बसली आणि पाणीही न पिता म्हणाली, "आत्या, निरोपाचं कुठाय?"

मी म्हटलं, ते नाही.

"नाही म्हणजे? आजीने अर्धं म्हटलं?"

"तिने पूर्ण म्हटलं. रेकॉर्ड झालं नाही. कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या."

तिने कपाळावर हात मारला. "यार आत्या! मग मी त्यांना घरी कसं पाठवू?" मग तिचा चेहरा उजळला. "पण तू तर समोर होतीस. तुला आठवत असेल ना?"

आये, मला आठवत नाही. लोकांना मरणाऱ्या आईचे शेवटचे शब्द पाठ असतात, आणि मी तुझ्यापासून दोन हातांवर वीस मिनिटं बसले होते. मी ऐकतच नव्हते. मी बटणाकडे बघत होते. आधी दर्या येतो, मग डोंगर, एवढं सांगता आलं. चाल कशी वर जाते ते थोडं गुणगुणून दाखवलं, तेही बिचकतच. कोणी दारात येईल अशी भीती मला या वयातही वाटली.

पोरगी हार मानणारी नाही. रानशेतला एक म्हातारी आहे, तिला निरोप येतो, तिच्याकडे जाऊन आली. म्हातारीने सगळा म्हणून दाखवला, मोबाइलवर घेऊही दिला. पण म्हणाली, हा तुझ्या कामाचा नाही. यात रानशेतच्या वाटा आहेत. आमचा ओढा, आमची खिंड, आमची चिंच. तुमचे देव या वाटेने निघाले तर रानशेतला येऊन बसतील, आणि आम्हाला आमचेच पुरे आहेत. हे सांगताना तुझी नात हसत होती, पण डोळे भरले होते. मग म्हणाली, "आत्या, शब्द राहू दे. तू मला वाटा सांग. आजीबरोबर लाकडाला जायचीस ना? कुठून वळायचं, कुठे पाणी लागतं. शब्द मी बघेन."

वाटा मला येतात. पायांना येतात. येत्या रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत, तिच्या स्कूटीवर वेशीपर्यंत आणि तिथून चालत. अर्ध्या वाटांवर आता बागांची कुंपणं आहेत, एक तर हायवेखाली गेली. तरी दाखवीन. तिने माझा हात हातात घेऊन विचारलं, "खरंच आत्या, एक जास्तीची कॅसेट नव्हती कोणाकडे?" मी म्हटलं, त्या काळात कुठे गं. तिला ते पटलं. तीही मान डोलावते, तुझ्यासारखी.

आज सकाळी संस्थेच्या बाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या आईची एक अट होती, वाजलं तर शेवटपर्यंत वाजावं, तेवढी कागदात घाला. त्या म्हणाल्या, "मॅडम, विकू नका असं लिहिता येतं, नाव द्या असं लिहिता येतं. अर्ध्यात थांबवू नका, असा नियम नाही हो कुठे. आणि शेवट मुळात आपल्याकडेच नाहीये." मी म्हटलं, मग सध्या फक्त माझ्या भाचीला असू द्या, शिकण्यापुरतं. सगळ्यांसाठी तेव्हाच खुलं करा, जेव्हा ती तिचा निरोप म्हणून देईल आणि तुम्ही तो मागे जोडाल. तो वेगळा आहे, नंतरचा आहे, हे स्वच्छ लिहा. त्यांना ते मान्य झालं. म्हणाल्या, असं केलेलं बरंच. तशी सही मी केली आहे. तिसऱ्या पानावर एक रकाना आहे, रेकॉर्डिंग अपूर्ण असल्यास कारण. त्यात मी सुंदर अक्षरात लिहिलं, कोरी कॅसेट उपलब्ध नव्हती. उद्या पाकीट टपालात जाईल. हे पत्र जाणार नाही, कुठे जायचं त्याने? ते त्या कपाटात राहील, जिथे ती तिसरी कॅसेट आहे.

सरांना, पोरीला आणि कागदाला मी सांगितलं ते खोटं नाही, कोरी नव्हतीच. पण ती भरलेली कॅसेट त्या रविवारी खडूच्याच पिशवीत होती, माझ्या गुडघ्याला लागून. ती घालून बटण दाबलं असतं तर जुनं पुसत तुझं वर चढलं असतं. एवढंच करायचं होतं. माझा एक हात बटणावर होता आणि दुसरा पिशवीत, कॅसेटवर. तू दर्याला त्याची वाट सांगत होतीस, आणि मी मनात एकेक गाणं आठवून बघत होते, कोणतं गेलं तर चालेल. एकही जाऊ द्यावंसं वाटलं नाही. आज ती बाराच्या बारा तुझ्या नातीच्या मोबाइलवर बोट लावलं की वाजतात, आणि मला ती अजून सगळी पाठ आहेत.